रुग्णशय्येपासून कार्यशाळेपर्यंत : वैद्यकीय उपकरणे घडविणारे आंतरशाखीय शिक्षण आणि विद्यार्थ्यांची समरसता

वार्षिक अहवाल हाती आला की वाचक प्रथम आकडे पाहतात : बाह्यरुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, देणग्यांतून कोणती यंत्रसामग्री आली. ते योग्यच आहे, आणि ते आकडे या अहवालात त्यांच्या जागी आहेत. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही एका शैक्षणिक विषयाचा विचार करीत आहोत. वैद्यकीय उपकरणांचा आराखडा करण्याचे शिक्षण विद्यापीठांतून कसे दिले जाते, त्यात विद्यार्थ्यांचे मन कशाने रमते व कशाने उडते, आणि खान्देशातील एका धर्मादाय रुग्णालयाचा या शिक्षणाशी काय संबंध पोहोचतो, असे तीन प्रश्न आम्ही घेतले आहेत. विषय वर्गातला वाटला तरी त्याचा शेवट रुग्णाच्या खाटेपाशी होतो. म्हणूनच तो देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट या सर्वांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटले.

यंत्र बंद का पडते ?

पेरी आणि मॅल्किन या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधनांची टंचाई असलेल्या १६ देशांतील वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या आहेत. सुमारे १ लाख १२ हजार उपकरणांपैकी ३८ टक्क्यांहून थोडी अधिक उपकरणे बंद अवस्थेत आढळली. त्यांनी दाखविलेली मुख्य कारणे तीन : चालविणाऱ्यांस प्रशिक्षण नाही, देखभालीची व्यवस्था नाही, आणि वीज-पाण्यासारख्या सोयी त्या यंत्राच्या अपेक्षेप्रमाणे नाहीत.

ही कारणे आपल्या भागातील कोणत्याही रुग्णालयास परकी वाटणार नाहीत. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. विजेचा दाब वरखाली होतो. काळ्या मातीची बारीक धूळ बंद खिडक्यांतूनही आत येते. एखादा सुटा भाग मोठ्या शहरातून मागवावा लागला तर यंत्र कित्येक दिवस झाकून ठेवावे लागते. यात देणाऱ्याचा दोष नसतो आणि वापरणाऱ्याचाही नसतो. वातानुकूलित दालन, अखंड वीज आणि जवळचा तंत्रज्ञ गृहीत धरून कोणी तरी दूरवर तो आराखडा केलेला असतो. त्या कोणी तरीने आपला वॉर्ड पाहिलेला नसतो.

वॉर्ड पाहून आराखडा केला म्हणजे काय होते याचे उत्तम भारतीय उदाहरण जयपूर फूटचे आहे. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हा कृत्रिम पाय घडविला. त्यापूर्वीचे परदेशी धाटणीचे पाय बुटात घालूनच वापरावे लागत. आपल्याकडील माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात जातो. यांपैकी काहीच त्या पायाने साधत नसे. शल्यविशारदाजवळ शरीररचनेचे ज्ञान होते, कारागिराजवळ रबर, लाकूड आणि साचा यांचे. दोघांपैकी एकट्याच्याने ते काम झाले नसते. डॉ. सेठी यांस १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

जयपूर येथे जे योगायोगाने घडले ते शिक्षणातून जाणीवपूर्वक घडवावे, हा आंतरशाखीय अभ्यासक्रमांचा हेतू होय.

महाराष्ट्रातील प्रयत्न

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'बायोडिझाइन' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टर, अभियंते आणि व्यवसायाचे शिक्षण घेतलेले तरुण एका गटात काम करतात, व यंत्राची कल्पना काढण्याआधी रुग्णालयात राहून केवळ निरीक्षण करतात. पुढे दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि आय. आय. टी. यांच्या सहयोगाने हीच पद्धत भारतात आली.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास या दिशेने झालेले ठळक काम मुंबईच्या आय. आय. टी.चे आहे. तेथे प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये 'बेटिक' या नावाने ओळखले जाणारे जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे केंद्र स्थापन झाले. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्यास साहाय्य दिले, आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था येथेही त्याचे विभाग सुरू झाले. या केंद्राने भरविलेल्या शिबिरांत डॉक्टर, अभियंते आणि आराखडाकार काही दिवस एकत्र बसतात. डॉक्टर आपल्या रोजच्या कामातील अडचण मांडतात आणि गट तिच्यावर काम करतो. साध्या स्टेथोस्कोपला जोडता येणारे व हृदयाचा-फुप्फुसाचा आवाज मोठा करून मोबाइलवर पाठविणारे 'आयुसिंक' हे उपकरण याच केंद्राच्या वातावरणात घडले. २०२० च्या कोरोना साथीत, रुग्णापासून अंतर राखून तपासणी करणे भाग पडले तेव्हा त्याचा उपयोग ध्यानात आला.

समरसता म्हणजे काय ?

शिक्षणशास्त्रात विद्यार्थ्याच्या सहभागाचा विचार तीन अंगांनी करण्याची रीत आहे. फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ती सर्वपरिचित झाली. पहिले अंग वर्तनाचे : विद्यार्थी येतो का, नेमलेले काम करतो का. दुसरे भावनेचे : त्यास या कामाविषयी आस्था वाटते का. तिसरे बुद्धीचे : अवघड जागी तो थांबून विचार करतो का, की मिळेल त्या उत्तरावर समाधान मानतो. तिन्ही एकत्र आली म्हणजे जे होते त्यास आम्ही या लेखात समरसता म्हटले आहे.

हजेरीपट भरलेला असूनही समरसता नसू शकते. अंतिम वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार विकत घेऊन सादर होतो ही गोष्ट अभियांत्रिकीच्या कोणत्याही शिक्षकास नवी नाही. अशा प्रकल्पात दिवे लागतात, आकडे उमटतात, गुणही मिळतात. परंतु ते यंत्र कोणासाठी आहे असे विचारल्यास विद्यार्थ्याजवळ उत्तर नसते. ज्या कामाची वाट पाहणारा माणूस आपण कधी पाहिलेला नाही, त्या कामात कोणाचेही मन फार काळ राहत नाही. येथे विद्यार्थ्यास आळशी ठरविण्यापेक्षा त्यास काय दिले गेले, हे तपासणे अधिक न्यायाचे होईल.

दोन अभ्यासक्रमांतून निघालेली दोन उपकरणे

स्टॅनफर्ड विद्यापीठातच २००७ मध्ये अल्पदरातील उपयुक्त वस्तूंचा आराखडा करण्याच्या एका वर्गात एका विद्यार्थीगटास काम मिळाले : अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी, अर्थात इन्क्युबेटर, स्वस्त करा. गटातील एक जण नेपाळला गेला. शहरातील रुग्णालयात त्याने पाहिले की पेट्या आहेत, पण रिकाम्या आहेत. कारण ज्या बाळांना त्या हव्या होत्या ती दूरच्या खेड्यांत जन्मत होती. गटाने प्रश्नच बदलला. पेटी स्वस्त करण्याऐवजी, वीज नसलेल्या घरी बाळास ऊब कशी मिळेल, असा विचार सुरू झाला. त्यातून 'एम्ब्रेस' हे छोट्या गोधडीसारखे आवरण निघाले. त्यातील मेणासारख्या पदार्थाची पिशवी एकदा तापविली की काही तास सुमारे ३७ अंश तापमान राखते.

याच उपकरणाची पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. भारतात चाचणी घेताना असे आढळले की आई पिशवी सांगितलेल्या अंशापर्यंत तापवीतच नाही. डॉक्टरी औषध उग्र असते, लहानग्यास थोडे कमीच द्यावे, या समजुतीने ती आपण होऊन तापमान कमी ठेवी. तेव्हा गटाने आकडे दाखविणारी पट्टी काढून टाकली, आणि पिशवी योग्य तापली की नाही एवढेच सांगणारी खूण ठेवली. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही अडचण सापडली नसती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाचे. श्वास घेण्यास धडपडणाऱ्या नवजात बाळांना हवेचा सौम्य दाब देणारे यंत्र महाग असते. तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली, घरातील मत्स्यपेटीत हवा सोडतात तसल्या साध्या पंपांच्या आधारे कमी खर्चाचे यंत्र बनविले. त्यास 'पुमानी' हे नाव मिळाले. आफ्रिकेतील मलावी देशात ब्लँटायर येथील रुग्णालयात त्याची चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या यंत्राचा उपचार मिळालेल्या ६२ बाळांपैकी ७१ टक्के वाचली. केवळ नळीने प्राणवायू मिळालेल्या २५ बाळांत हे प्रमाण ४४ टक्के होते. संख्या लहान आहे हे मान्य करूनही, एका वर्गातील कामाचे फळ येथवर पोहोचले, ही गोष्ट लहान नाही.

दोन्ही उदाहरणांत विद्यार्थी कामास चिकटून राहिले ते काय लाभले म्हणून ? आमच्या मते दोन गोष्टी लाभल्या म्हणून. एक, वापरणारा माणूस त्यांच्यासमोर आला. दुसरी, दिलेला प्रश्न बदलण्याची मुभा त्यांस होती.

एक नमुना पाठ : शेतकऱ्याचा पाय

ही प्रक्रिया वाचकांस प्रत्यक्ष कळावी म्हणून आपल्याच भागातील एक अडचण पाठ म्हणून घेऊ. मधुमेह दीर्घकाळ राहिल्यास पायाच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन तळव्याची जाणीव कमी होते. जखम होते, पण दुखत नाही. न दुखल्यामुळे ती पाहिली जात नाही. आणि चिघळल्यावर काही वेळा पाय गमावण्याची पाळी येते.

समजा, अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या आणि औषधनिर्माण या शाखांचे चार विद्यार्थी एका गटात आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलेला प्रश्न बहुधा असा असेल : मधुमेही रुग्णाच्या पायास जोडता येणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण बनविणे. या वाक्यात प्रश्नाआधीच उत्तर लिहिले गेले आहे.

नंतर ते बाह्यरुग्ण विभागात बसतात. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू आणि १२८ कंपनांचा नादकाटा वापरून पायाची जाणीव तपासता येते, हे वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी दाखविते. परिचर्येचा विद्यार्थी सांगतो की गर्दीच्या दिवशी प्रत्येकाच्या चपला-मोजे काढवून पाय पाहण्यास वेळ उरत नाही. येथेच शब्दांचीही गाठ पडते. 'सेन्सिटिव्हिटी' हा शब्द अभियंत्यासाठी संकेतातील बारीकसा बदल टिपण्याची यंत्राची क्षमता सांगतो. डॉक्टरसाठी, खरोखर आजारी असलेल्या शंभरांपैकी किती जणांना चाचणी ओळखते, हे सांगतो. आणि रुग्णासाठी प्रश्न इतकाच असतो की पायाला कळते की नाही. हे तीन अर्थ वेगळे आहेत असे गटास उमगण्यास कधी कधी आठवडा जातो. तो आठवडा वाया गेला असे समजू नये.

त्यानंतर ते रुग्णाशी व त्याच्या घरच्यांशी बोलतात. रुग्ण अहिराणीत, 'मना पाय दुखस' असे म्हणाला असता तर काम सोपे होते. तो म्हणतो की काहीच होत नाही. कपाशी काढल्यावर उरलेले पऱ्हाटीचे खुंट, बाभळीचा काटा, भर उन्हात तापलेली जमीन, यांपैकी काय लागले ते त्यास ठाऊक नसते. चपलेत रक्ताचा डाग प्रथम दिसतो तो घरातील बाईस.

आता प्रश्न पुन्हा लिहिला जातो : पायाची जाणीव कमी झालेल्या व शेतात काम करणाऱ्या मधुमेही व्यक्तीस झालेली जखम घरच्या माणसास दुसऱ्या दिवसाच्या आत कळावी, आणि त्यासाठी रुग्णालयाची फेरी पडू नये. या वाक्यात कोणत्याही यंत्राचे नाव नाही. उत्तर इलेक्ट्रॉनिक असू शकेल. जमिनीवर ठेवून तळवा पाहण्याचा आरसाही ते असू शकेल. बधिर पायांसाठी मऊ एम. सी. आर. रबराच्या चपला दिल्या जातात. त्यांचा आतला तळ फिकट रंगाचा करून डाग चटकन दिसावा, इतकेही ते साधे असू शकेल. परीक्षकाने गुण द्यावयाचे ते पहिल्या वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंतच्या प्रवासास. यंत्र किती झगमगीत आहे हे नंतर पाहावे.

मन कशाने उडते ?

अशा अभ्यासक्रमांतील अडथळेही ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला वेळापत्रकाचा. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वॉर्डातील पाळ्या व अभियांत्रिकीची सत्रे जुळत नाहीत. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर अभियांत्रिकी महाविद्यालये निराळ्या विद्यापीठांकडे. तेव्हा एकाच कामाचे गुण दोन्हीकडे कसे धरावयाचे, हा प्रश्न उरतोच. दुसरा अडथळा मानाचा. गटात डॉक्टर होऊ घातलेला विद्यार्थी बोलतो आणि इतर लिहून घेतात, असे झाले की इतरांचे मन उडते. यावर एक साधा उपाय आहे : आजाराची माहिती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सांगावी आणि यंत्राची रचना वैद्यकीय विद्यार्थ्याने समजावावी. तिसरा अडथळा श्रमविभागणीचा. चौघांत एकच राबतो व गुण चौघांस मिळतात. प्रत्येकाची स्वतंत्र नोंदवही आणि गटातील सहकाऱ्यांचे परस्परमूल्यमापन यांनी तो बराच आटोक्यात येतो. चौथा अडथळा सर्वांत मोठा : काम संपले की गट परत येत नाही. ज्यांनी वेळ दिला त्या परिचारिकेस, मावशीस, रुग्णास पुढे काय झाले ते कधीच कळत नाही.

खान्देशाची पुंजी

जळगाव येथे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बांभोरी येथे १९८३ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, धुळे व शिरपूर येथेही अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. जळगाव ते धुळे अंतर महामार्गाने सुमारे ९० किलोमीटर. शिवाय जळगावची औद्योगिक वसाहत प्लास्टिकच्या चटया आणि पाइप यांसाठी प्रसिद्ध आहे; प्लास्टिक वितळवून त्यास हवा तो आकार देणारे कसबी हात तेथे आहेत. जयपूरच्या शर्मांची जागा घेऊ शकणारी माणसे आपल्या शेजारीच राहतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती कमी करण्यास वाव दिला आहे. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही विद्यार्थ्यास आरंभापासून रुग्णसहवास मिळावा अशी योजना आहे. म्हणजे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कारागीर आहेत, वावही आहे. या सर्वांस एका ठिकाणी आणणारी जी गोष्ट हवी, ती रुग्णालयाजवळ आहे : खरी अडचण आणि ती सोसणारा माणूस.

रुग्णाचा मान प्रथम

येथे रुग्णांच्या आप्तेष्टांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. आमचा माणूस आजारी असताना त्याच्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका कशासाठी ? या शंकेचा आम्ही आदर करतो. रुग्ण हा शिकण्याचे साधन नव्हे. म्हणून असा कोणताही उपक्रम हाती घेण्यापूर्वी पुढील मर्यादा लेखी असाव्यात, असे आमचे मत आहे.

रुग्णाची संमती त्याच्या भाषेत समजावून घेतली जावी. अहिराणी, पावरी वा भिल्ल बोली बोलणाऱ्यांसाठी ती भाषा जाणणारी व्यक्ती सोबत असावी. नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक पडू नये, आणि हे प्रथमच सांगितले जावे. छायाचित्र घेऊ नये, नाव लिहू नये. विद्यार्थ्यांसोबत परिचारिका असावी आणि एका खाटेपाशी दोनहून अधिक विद्यार्थी नसावेत. विद्यार्थ्यांनी बनविलेले कोणतेही उपकरण थेट रुग्णावर वापरले जाऊ नये. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यांत धोक्यानुसार उपकरणांचे चार वर्ग केले आहेत. नैतिकता समिती व आवश्यक ती शासकीय अनुमती यांवाचून रुग्णावर चाचणी होऊ शकत नाही. वर्गातील कामाची मर्यादा निरीक्षण, आराखडा आणि नमुना येथपर्यंतच राहील.

विश्वस्त मंडळापुढे विचारार्थ

या अभ्यासातून आम्ही चार सूचना मांडीत आहोत. प्रत्येक वॉर्डात एक अडचण-वही ठेवावी; परिचारिका, मावशी, वॉर्डबॉय आणि रुग्णाचे नातलग यांपैकी कोणीही तीत रोजच्या गैरसोयी लिहाव्यात. विद्यार्थ्यांस विषय द्यावयाचे ते या वहीतून. दुसरी, भांडारात बंद पडलेली उपकरणे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उघडून पाहण्याची संधी विद्यार्थ्यांस मिळावी. यंत्र का बंद पडते हे कळलेला अभियंता टिकणारे यंत्र बनवितो. तिसरी, एक लहान कार्यमेज, हत्यारे आणि मोजमापाची साधने यांची तरतूद व्हावी. चौथी, प्रत्येक गटाने सत्राअखेर त्याच वॉर्डात परत येऊन आपण काय केले, काय जमले नाही, हे सांगावे. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्याला परत जाऊन एका ओळखीच्या माणसास तोंड द्यावयाचे आहे, हे ठाऊक असलेला विद्यार्थी काम अर्ध्यावर सोडत नाही.

देणगीदारांनी आजवर दिलेल्या यंत्रांमुळे या रुग्णालयाचे काम चालले आहे, आणि ती गरज पुढेही राहणार आहे. त्यासोबतच एखादी देणगी अशा कार्यमेजासाठी, एखादी विद्यार्थ्यांच्या धुळे-जळगाव प्रवासासाठी मिळाली, तर आपल्या उन्हात, धुळीत आणि कमी-अधिक दाबाच्या विजेवर टिकणारी साधने याच भूमीत घडण्यास आरंभ होऊ शकेल. वॉर्डाचे दार उघडावे की नाही, हा निर्णय विश्वस्तांचा आहे. आणि उघडले तरी त्यातून आत कोणी यावे, हे प्रत्येक रुग्ण व त्याचे कुटुंब ठरवील. आपल्या सूचना अवश्य कळवाव्यात, ही नम्र विनंती.